बावीस मिनिटांचा डेमो

फोंड्याला, खडपाबांधच्या झेरॉक्सवाल्याच्या वर
आमची खोली. तीन खुर्च्या, चार संगणक,
त्यातला चौथा नुसता तापतो.
तीन वर्षं झाली, इथे आम्ही एक गाव बांधतोय
जिथे पाय टेकत नाहीत,
बोटं टेकतात.

पहिल्या वर्षी सगळं करडं.
घर म्हणजे ठोकळा, माड म्हणजे उभा ठोकळा,
माणूस म्हणजे गोळी, खोकल्याची असते तसली.
त्या गोळीने खाजनाच्या बांधावरून धावायचं,
भरतीच्या आत मानशीचं दार पाडायचं,
नाहीतर खारं पाणी शेतात.
एवढंच होतं. तरी एकदा दार वेळेवर पडलं
आणि आल्विटो खुर्चीतून उठून हसला.
करड्या ठोकळ्यांवर माणूस हसतो,
मग रंग आणायला हरकत नाही, मी म्हटलं.

बाप विचारायचा, झाला काय गो तुमचा खेळ?
अल्फा झाला.
म्हणजे?
म्हणजे सगळं आहे आणि काहीच धड नाही.
न्हाणी आहे, नळ आहे, पाणी मात्र छपरातून येतं.
मग बीटा?
आता नवी खोली काढायची नाही,
गळती तेवढी शोधत बसायचं.
बाप गवंडी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती.
म्हणाला, हे आमचंच की.
आणि थोडं थांबून,
फक्त आमचा घरमालक आधी अर्धे पैसे देतो.

डेमोवरून भांडणं झाली.
दत्तप्रसादला सगळं गाव दाखवायचं होतं,
आल्विटोला काहीच नको होतं, पूर्ण होईपर्यंत.
मला म्हापशाची आंबेवाली आठवत होती,
शुक्रवारी मानकुरादची एक फोड
सुरीच्या टोकावर पुढे करणारी.
टोपलीतल्या सगळ्यात चांगल्या आंब्याची फोड ती,
तिलाही ठाऊक, गिऱ्हाइकालाही.
त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

बावीस मिनिटं आम्ही आठ महिने घासली.
चिखलाला वास सोडून सगळं दिलं.
बावीस मिनिटांपलीकडे एक कुंपण,
कुंपणामागे रंगवलेलं आभाळ,
आणि आभाळामागे
अजून तेच जुने ठोकळे, करडे, गप्प उभे.

फेब्रुवारीत, रात्री एक वाजून दहाला, सोडला.
पहिल्या दिवशी एकसष्ट जणांनी उतरवला.
त्यात आम्ही तिघं, आल्विटोची बहीण
आणि खाली झेरॉक्सवाला दोनदा.

आठवड्याने आकडे पाहिले.
कुडचड्याचं कुणीतरी
बावीस मिनिटांच्या खेळात साडेचार तास होतं.
आम्हाला वाटलं, अडकलंय बिचारं.
तीच गळती असणार, शोधा.
मग तिचाच निरोप आला, सातवीतली मनस्वी:
"मी दार पाडतच नाही.
पाणी आत आलं की कुर्ली येते
आणि पाण्यावरून चालत जाते.
ती कुठे जाते ते बघायचंय."

चूक क्रमांक चारशे सतरा.
कुर्लीचे पाय पाण्याला ओळखत नव्हते.
मीच दुरुस्त केली होती, सोमवारी,
नव्या आवृत्तीत ती नीट बुडते.

तिघंही बराच वेळ पडद्याकडे बघत राहिलो.
कुर्ली कुठे जाते ते आम्हालाही माहीत नव्हतं.
बनवलेल्या गावात आम्ही कुणी कधी
मुद्दाम हरून पाहिलं नव्हतं.

आल्विटोने यादी उघडली,
चारशे सतराच्या पुढचं "झालं" खोडलं,
"असू दे" लिहिलं, आणि चहा सांगायला खाली गेला.

परवा बापाला खेळायला बसवला.
तो धावला नाही.
बांधावर उभा राहिला, वाकून वाकून बघत,
भरती आली, शेत बुडालं, खेळ संपला.
म्हणाला, पायथ्याला दगड कुठाय?
हा बांध एका पावसात जाणार.

सहाशे बारा क्रमांकावर लिहून घेतलंय.