गुरगुरण्याचे दहा दिनार

पहाटे चारला छावणीच्या फाटकाशी बस आली.
परांची बांधणारे आम्ही अठरा जण,
त्या दिवशी पाइपांना सुट्टी.

आली हे गावाचं नाव. बहरीनमधलं, कुंभारांचं.
मागे थडग्यांच्या टेकड्या, चार हजार वर्षांच्या,
त्यांच्या आडोशाला तंबू.
आत एक बाई ब्रशने आमचे दात काळे करत होती.
माझी पाळी आली तेव्हा म्हणाली,
हसू नकोस, रंग निघेल.

केसांच्या जागी काथ्या दिला.
काथ्या मला ओळखीचा. गुहागरला त्याची दोरी वळतात,
डोक्यावर घालत नाहीत.
अंगावर मेंढीचं कातडं, मे महिन्यात.
कुंजुमोन म्हणाला, तेव्हा इथे बर्फ पडायचा काय?
शफीकुलला एक हाड दिलं चघळायला, प्लास्टिकचं.

गोष्ट अशी होती:
उत्तरेकडून राजा येतो, स्वच्छ कपड्यांतला.
तो बोलतो. घोड्याशीसुद्धा सुंदर बोलतो.
आम्ही या बेटावरचे रानटी.
आम्हाला वाक्यं नव्हती.
कर्ण्यातून सूचना आली: गुरगुरा.

गुरगुरणं सोपं नसतं.
पहिल्या खेपेला नुसता खोकला झाला.
दुसऱ्या खेपेला बिष्णू हसला, त्याचे पैसे कापले.
तिसऱ्या खेपेला मी वाळूच्या उतारावरून भाला घेऊन सुटलो
आणि तोंडातून निघायचं तेच निघालं:
"मेल्या भिवा, माजं सुकट कोनी खाल्लान रं?"

कुंजुमोन देवाला हाका मारत होता,
शफीकुल बायकोशी भांडत होता, ती कोमिल्लाला.
दिग्दर्शक खुर्चीवरून उठला: अस्सल! अगदी अस्सल!
कॅमेऱ्यामागे एकच जण हसला, पुण्याचा.
जेवताना जवळ येऊन म्हणाला,
काय राव, किती गावठी बोलता.

बर्बर म्हणजे कोण, तर म्हणे
ज्याचं बोलणं आपल्याला बरबर ऐकू येतं तो.
म्हणजे कान आपला
आणि जनावर तो.

शुक्रवारी मनामाच्या संग्रहालयात गेलो.
तिकीट होतं, कुंजुमोन कुरकुरला.
काचेमागे दगडाची वजनं, चौकोनी, गुळगुळीत:
एक सुपारीएवढं, एक खारकेएवढं,
एक तर चिंचोक्याएवढं.
चिंचोक्याएवढं वजन कोण घडवतो?
ज्याला तेवढंही कुणाचं बुडवायचं नाही तो,
नाहीतर ज्याचं कुणीतरी बुडवलंय तो.
खाली लिहिलेलं, मापाची रीत सिंधूकडची.
म्हणजे आपल्या बाजूचा कुणीतरी इथे येऊन बसला होता,
उकाड्यात, घासाघीस करत,
परतीच्या गलबताचे दिवस मोजत.

शेजारी एक मुद्रा, बोटाच्या पेराएवढी.
तिच्यात दोन माणसं एकाच रांजणातून
नळ्यांनी पितायत, समोरासमोर,
गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.
आम्हाला कवटीतून पाजलं होतं.
बिटाचं सरबत. अंगावर सांडायचं, अशी ताकीद.

सात महिन्यांनी सिनेमा लागला.
दोन सेकंद मी होतो. तोंड उघडं,
ओठ म्हणतायत सुकट,
आवाज कुठल्याशा जनावराचा.
मग राजाने मला मारलं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, भिवानेही.
नंतर माझ्याकडे बघून
त्याने हात मांड्यांखाली सरकवले.

आलीला परत गेलो तेव्हा हाजी मक्की चाकावर बसलेला.
सिनेमावाल्यांनी त्याच्याकडून तीनशे मडकी नेली होती.
मोडक्या हिंदीत विचारलं, काय केलं त्यांचं?
म्हटलं, फोडली. गाव जाळायच्या आधी.
पाणी भरलं होतं?
नाही.
त्याने चाकावरचा हात उचलला नाही.
मग, म्हणाला, त्यांना कळणार कसं
गार राहतं ते.