हिरव्या डोक्याचे दगड

मनोरीच्या धक्क्यापासून मोजायला घेतलं
तर माझ्या वाट्याला सतरा दगड येतात.
सोळाच म्हणा. अकरावा
क्लारा डिमेलोच्या न्हाणीची पायरी झालाय,
पालथा, अक्षरं मातीत.
दरवर्षी रंगाचा डबा घेऊन मी तिच्या दारात.
ती म्हणते, "पाय घसरंल माझा, मेल्या,"
आणि तांदळाच्या भाकरीवर जवळ्याची चटणी ठेवते.
वहीत मी लिहितो : क्रमांक अकरा, स्थिती उत्तम.

मैलकुली म्हणून लागलो
तेव्हा मैल केव्हाच संपले होते.
नाव तेवढं राहिलं.

डोकं हिरवं, कारण हा राज्याचा रस्ता.
अंग पांढरं. अक्षरं काळी, बारीक ब्रशाने,
उकिडवं बसून, खाडीकडे पाठ करून,
नाहीतर वारा ओल्या रंगाला वाळू चिकटवतो.
एकदा अनुस्वार द्यायचा राहिला.
तीन वर्षं तिथं 'मुबई' होती,
कुणाचंही काही अडलं नाही.

गोराईच्या वळणावरचा दगड कायतानचा.
चालून दम लागला की तो त्यावर टेकतो,
पाय दोन्हीकडे सोडून, घोड्यावर बसल्यासारखा.
"हे वाच," म्हणाला एकदा, गुडघा बाजूला घेत.
"मुंबई एकोणचाळीस."
"माझी घरपट्टी कुठली?"
"मुंबईची."
"मत कुठं टाकतो मी?"
"मुंबईत."
"मग हा दगड मला कुठं बसवतो?"
मी म्हटलं, "रस्त्याने मोजतात, काका.
भाईंदरवरून वळसा, मग हायवे, मग…"
"मग?"
"मग कुठंतरी शून्याचा दगड असतो. ती मुंबई."
"तू बघितलास?"

एकतीस वर्षं झाली नोकरीला.
नाही बघितला.

मे महिन्यात अर्धा रस्ता बायकांचा.
बोंबील वलांडीवर, पण जवळा डांबरावरच,
तापलेल्या डांबरावर तो दुपारपर्यंत चुरचुरतो.
साहेबांची जीप कडेकडेने जाते,
साहेब नाकाला रुमाल लावतात
आणि परतताना किलोभर मागून घेतात.
पुढे मिठागरं, ताडपत्रीखालचे ढीग.
पुढे रस्त्याच्या कडेचा क्रूस,
त्याला दर शुक्रवारी कुणीतरी झेंडू घालतं,
कोण, ते मला अजून दिसलेलं नाही.
त्याच्यापुढे पाड्याचा फाटा.

फाट्याला दगड नाही.
पाडा राज्याच्या रस्त्यावर येत नाही,
पाण्याचे हंडे घेऊन रस्त्यापर्यंत येतो.
मनकी वरठाने हंडा उतरवला, डब्यात डोकावली.
"उरला का?"
उरतो. दरवर्षी उरतो, अकराव्याच्या वाटचा.
"मग आमचा पण लिही."

भाताच्या बांधाशी एक खडक होता, बसल्या म्हशीएवढा.
डोकं हिरवं केलं.
अंग जमेल तेवढं पांढरं, खालचं तसंच राहिलं.
नाव तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, लिहिलं.
मग अडलो.
"किती लिहू?"
"काय किती?"
"किती लांब."
"कुठून?"

माझ्याकडे याचं उत्तर असायला हवं होतं.
कायतान असता तर हसला असता.
ब्रशाच्या टोकाला काळा थेंब जमायला लागला,
मनकी हंडा पुन्हा डोक्यावर घेत होती,
थेंब पडायच्या आत जे सुचलं ते काढलं :
०

तिच्या शेळीने लगेच येऊन अंग घासलं.
हिरवा बराच तिनेच नेला.
शून्य जरा डावीकडे फाकलंय, पण वाचता येतं.

संध्याकाळी वहीत लिहिलं :
क्रमांक अकरा, दोन हात मारले.