साडेसहाची गोळी

नोव्हेंबरात केमीमध्ये सूर्य येतो तो
चहाही न घेता उठणाऱ्या पाहुण्यासारखा,
आणि नेमके तेव्हाच लोक विचारत होते,
"हिल्का, स्पेनला जाऊन आलीस? काय छान रापलीस!"

मी फिरत्या वाचनालयाची बस चालवायची.
नऊ गावं, एकतीस थांबे. कुठलं स्पेन?
पण तळहाताच्या रेषांत शाई भरल्यासारखी झालेली,
कोपरं, हिरड्या, ॲपेंडिक्सचा जुना व्रण,
कुणीतरी अंगभर अधोरेखित करत सुटलेलं.
पुस्तकांतली बाई मी,
मला ते वाचता आलं नाही.

रात्री फ्रिजपुढे उभी राहून
काकडीच्या बरणीतलं खारं पाणी घटाघटा प्यायची.
ताइस्तो म्हणायचा, या वयात डोहाळे?
आम्ही हसायचो.
हसून झालं की मला बसावं लागायचं.

दमणं मला ठाऊक होतं.
सरपण फोडून, अंगणातला बर्फ उपसून माणूस दमतो;
त्या दमण्याला भूक असते,
त्याला रात्री उशी पुरते.
हे तसलं नव्हे.
हे सकाळी डोळे उघडायच्या आधीच
पलंगाच्या कडेला येऊन बसलेलं,
ओला लोकरी कोट घालून, माझ्याच मापाचा.

शेवटच्या थांब्यावर म्हातारे पेन्त्ती पुस्तक परत द्यायला आले
तेव्हा मी बसच्या पायरीवर होते.
मांडीवर आळंबी ओळखायचं पुस्तक, खिशात मावेल एवढं.
ते उचलून फळीवर ठेवणं
माझ्याच्यानं होत नव्हतं.
त्यांनी काही विचारलं नाही.
पुस्तक ठेवलं, आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात म्हणे.
माझ्या दोघींनी काम सोडलं होतं.
संप नाही. राजीनामा.

आता साडेसहाची एक, बाराची अर्धी, चारची पाव.
रंग उतरला. लोक म्हणतात, आता बरी दिसतेस.
दिसते.
पण दुपारी दीडनंतर एक दलदल लागते,
तिच्यात फोन वाजतो तो ऐकू येतो
आणि हात निघत नाही.
आज केस धुतले,
म्हणजे आज बहिणीशी बोलणं नाही.
ती रुसते. तिला केसांचं कसं सांगू?

मार्चमध्ये आई गेली.
ताप आला तर दुप्पट, दात काढला तर दुप्पट,
हे मला पाठ होतं.
आई गेली तर किती, ते विचारायचं राहिलं होतं.
फोनवर नर्स जराशी थांबली.
मग म्हणाली, आज दुप्पट घ्या. आणि बसून राहा.

बाकीच्यांना त्यांच्या शरीरांनी न मागता पुरवलं
उभं राहायला लागतं ते सगळं.
मी चर्चच्या मागच्या नळावर,
हातमोजा दातांनी ओढून,
आईच्या मातीला पुरेल एवढं बळ
कोटाच्या खिशातून काढून गिळलं.
पाणी इतकं गार की दात कळले.

परवा ताइस्तो इंजेक्शन शिकला.
मी कोसळले तर त्यानंच द्यायचं आहे.
सरावाला संत्रं घेतलं, सिरिंजमध्ये साधं पाणी.
आयुष्यभर मासे चिरलेले हात,
आणि संत्र्यापुढे थरथरत होते.
तीनदा टोचलं. चौथ्यांदा नीट गेलं.

मग दोघांनी ते सोलून खाल्लं.
जरा पाणचट होतं.
मी माझ्या फोडींवर मीठ घेतलं.