परंतुक

अप्पा बळवंत चौकात, गाईडांच्या दुकानावर
माझं ऑफिस आहे, तेवीस पायऱ्या चढून.
खाली पाठ्यपुस्तक अवघड म्हणून गाईड विकतात,
वर कायदा अवघड म्हणून मी.
धंदा एकच. त्यांच्याकडे वीस टक्के सूट मिळते.

जुलै उतरणीला लागला की दाराबाहेर चपला मावत नाहीत.
बाणेरचा गुजर, वय सत्तावीस, पगार माझ्या चौपट,
उभ्या उभ्या लॅपटॉप उघडून विचारतो,
"काका, हे सगळं एका पानावर का नाही मावत?
कमाई इतकी, कर इतका, रामराम."

मी मान हलवतो. मीही हेच म्हणत आलोय,
मंडईत कोथिंबीर निवडताना,
सोसायटीच्या सभेत, कुणी विचारलं नसताना,
आणि एकदा ऑपरेशनच्या टेबलावर, भूल चढता चढता.
कलम, त्याचं पोटकलम, पोटकलमाचं स्पष्टीकरण,
स्पष्टीकरणाला परंतुक :
"परंतु असे की",
आणि दम खाऊन, "परंतु आणखी असे की".
असं बोलणारा माणूस घरात असता
तर त्याचं ताट आपण वेगळ्या खोलीत नेऊन दिलं असतं.

सोपं झालं तर ह्या पायऱ्या कोण चढेल,
हेही मनात येतं. लपवत नाही.
बायकोला म्हणालो. ती म्हणाली,
"मग खाली उतरा. गाईडं विका."

तीस तारखेला तांबोळी मॅडम आल्या,
कोंढव्याहून, दोन बस बदलून.
महापालिकेच्या शाळेत गणित शिकवतात.
पिशवीत फाईल, फाईलमध्ये ससूनचा दाखला,
घडीवर चिकटपट्टी, तिच्यावर नवी चिकटपट्टी.
अदनान आता एकोणीसचा. बोलत नाही.
पंख्याकडे बघून हसतो,
लाईट गेली की त्याचं हसू मध्येच थांबतं.
दरवर्षी मी ऐंशी डीडीच्या रकान्यात
सव्वा लाख लिहितो,
दरवर्षी त्या दाखला पुढे करतात,
मी न मागता.

स्क्रीनवर नवी प्रणाली आधीच निवडलेली.
स्वच्छ. गुजरला हवी तशी.
मी खालपर्यंत गेलो, पुन्हा वर आलो.
त्यांनी चष्मा पुसला,
"ह्यात अदनान कुठं लिहायचा?"

"ह्यात लिहायची गरज नाही, मॅडम.
जुन्यात त्याला लिहून अठ्ठावीस हजार सहाशे भराल,
नव्यात त्याला न लिहिता शून्य."

गणिताच्या बाई. त्यांना वजाबाकी कळते.
तरी दोन्ही आकडे त्यांनी माझ्या पॅडवर
एकाखाली एक मांडले, रेघ ओढली,
आणि उत्तर न लिहिता पेन ठेवलं.
"मग पुढच्या वर्षी दाखला आणायचा नाही?"
"नको."
"बरं."

मी मनात गुजरशी भांडत होतो.
अरे, प्रत्येक "परंतु" म्हणजे
कधीतरी कुणीतरी दारात पाय अडकवून उभं राहिलेलं असतं,
साहेब, सगळं खरं, परंतु माझा एक मुलगा आहे.
(आणि काही परंतु, मान्य आहे,
साहेबांच्या मेव्हण्यांचे.)
आता दार रुंद केलंय. कुणालाच थांबवत नाही.
कोण आत गेलं, तेही विचारत नाही.
हे चांगलंच आहे. बाईंचे अठ्ठावीस हजार वाचले.
त्यात इन्व्हर्टर येतो. पंखा थांबणार नाही.
मग मी कुणाच्या बाजूने भांडतोय?

ओटीपी आला. रिटर्न गेला. अकरा मिनिटं.
फी निम्मी सांगितली. त्यांनी पूर्ण मोजून ठेवली
आणि पावती मागितली.

माझ्या पावतीपुस्तकात "कशाबद्दल" असा एक रकाना आहे.
एरवी मी त्यात काहीतरी खरडतो.
आज पेन तिथेच अडलं,
खाली शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला
तेव्हा लिहिलं :
अदनान तांबोळी, वय १९.

त्यांनी वाचलं. पावती माझ्याकडे परत सरकवली.
"तारीख राहिली," म्हणाल्या.