दोन पदर

वडगावात माग थांबेपर्यंत काही दिसत नाही.
टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबा घातल्या,
तरी गंगव्वाच्या पॉवरलूमचा ठोका
काचपट्टीपर्यंत पोचतोच.

म्हणून रात्री अकरानंतर.
कॉलेजने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक,
त्याला उद्यमबागेत भरमा कंग्राळकरने कातून दिलेली बैठक.
‘अर्धा दोरा जरी फरक पडला तर परत आणा, मॅडम.’
त्याचा अर्धा दोरा
म्हणजे माझ्या मोजमापात अख्खा खानापूर तालुका.

तेलाचा थेंब, शंभराचं भिंग.
पेशीत इथे दोन तंतू असावेत
असं मी चार महिने म्हणते आहे.
दिसतो एक. जाड, भिजल्या वातीसारखा.
मोठा केला तर आणखी जाड.
दोष काचेचा नाही.
उजेडाचंच बोट जाड आहे,
आपल्या निम्म्या लाटेहून जवळचं
त्याला वेगळं चाचपता येत नाही.

परवा दुपारी वीज गेली.
गंगव्वा उंबऱ्यात बसली,
एका झिरझिरीत पदरावर दुसरा तिने
जरासा तिरका धरला, उन्हाकडे,
आणि दोन्हींत नसलेले रुंद पट्टे
मधेच कुठून उमटले.
‘धागे मोजून मोजून डोळे गेले की ग.
आता हे पट्टे बघते.
दाट कुठं, विरळ कुठं, यातच कळतंय सगळं.’

मी चप्पल तिथेच विसरून घरी आले.

आता उजेडालाच रेघा पाडल्या आहेत.
रेघांची काच तीन दिशांना फिरवायची,
दर दिशेला तीनदा सरकवायची.
नऊ फोटो, आणि एकातही तंतू नाहीत.
नुसते पट्टे, रेघ आणि तंतू
एकमेकांना अडले त्याचे.
गणित त्यातून उलट्या पावली निघतं,
जुन्या संगणकावर पावणेदोन तास.
तोवर मी डबे घासते.

पहिल्या रात्री मधाचं पोळं आलं,
घरं कशी रेखीव. सुंदर आणि खोटं.
मंगळवारी स्क्रू निसटला.
काल तीनच्या सुमाराला
वात उकलली.

सकाळी गंगव्वाला हाक मारली.
तिने हात पदराला पुसले,
नाक पडद्याला लागेल इतकी वाकली.
‘एरडु,’ म्हणाली, आणि ‘एवढंच व्हय?’

वहीत मी ‘दोन’ लिहिलं, खाली तारीख.
मागच्या गल्लीतला पहिला माग सुरू झाला,
बशीतला चहा
कडेपासून आत थरथरत गेला.