सरळ बोट

रविवार कारंजाच्या मागे अरुंद जिना,
वर मोईजभाईंचं दुकान. पाटी नाही, जाळी आहे.
जाळीतून आधी परवान्याचं पुस्तक आत गेलं, मग मी.
चौदा महिने लागले त्या पुस्तकाला.
चौकशीला आलेले हवालदार दोन कप चहा पिऊन
दारात चपला शोधता शोधता म्हणाले होते,
"ताई, झेपेल ना तुम्हाला?"

झेपतं.
पेठ रोडच्या पंपावर सतरा वर्षं,
माणूस कमी पडला की मीच नोझल धरते.
चाप दाबायचा, आकडे पळू द्यायचे,
टाकी भरली की तो आपला आपण सुटतो, टक्.

मोईजभाईंनी काउंटरवर हिरवं फडकं अंथरलं,
त्यावर तीन पिस्तुलं ठेवली, मॅगझिन काढून.
"रिकामी आहेत. तरी तुम्ही स्वतः बघा.
मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका."
एवढ्या वर्षांच्या धंद्यात
मला असं कुणी म्हटलेलं आठवत नाही.

पहिलं मोठं. हातात छान बसलं,
पण पर्समध्ये टाकलं तर
अख्खी बाई एका खांद्याकडे कलेल.
दुसरं चष्म्याच्या डबीएवढं. पाहताक्षणी आवडलं.
समोरच्या कॅलेंडरवरची बारा तारीख धरली,
चाप ओढला, ओढतच राहिले.
पेर ठणकायला लागलं, पौषात ते असंही धरतं,
नळी वाकत गेली,
टक् झालं तेव्हा मी चौदा तारखेवर होते.
"पाच किलोच्या वर जातो हा," मोईजभाई म्हणाले,
"लहान वस्तू, चाप जड."

तिसरं मधलं.
आधी थोडी ढिलाई,
मग बोटाला एक भिंत लागते,
जरा टेकून उभं राहता येईल अशी.
मग भिंतीपलीकडे.
बारा तारीख जागची हलली नाही.
पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा बाराच.

"याहून हलका?"
त्यांनी चष्मा काढून पुसला, उगाच, स्वच्छच होता.
"करून देणारे आहेत. मी देत नाही.
शिंक आली तर काय कराल?"

चाप लावणं म्हणजे आवरणं,
हा वाक्प्रचार सातवीत पाच मार्कांना होता.
बंदुकीच्या याच भागाला तोच शब्द का,
हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं कधी.

आहेर आठवला. माझा मॅनेजर.
बँकेत जाताना पाटाच्या पुलाशी दोघांनी अडवलं,
सहा लाख चाळीस हजार, आणि डाव्या कानामागे गज.
त्या कानाने आता त्याला ऐकू येत नाही.
दवाखान्यात मी विचारलं, चेहरे पाहिलेस?
म्हणाला, "एक तर पोरगंच होतं मॅडम, मिशीसुद्धा नव्हती.
माझ्यापेक्षा तेच जास्त कापत होतं."

तिसरंच द्या, मी म्हटलं.

बिल करताना मोईजभाईंनी माझा हात हातात न घेता
आपल्याच हाताने दाखवलं:
ठरत नाही तोवर पहिलं बोट चापावर नाही.
नळीच्या कडेने, सरळ.
सरळ बोटाने तूप निघत नाही, आई म्हणायची,
उधारी वसूल न करता मी परत आले की.
तिला हे दुकान दाखवायला हवं होतं.

तीन महिने झाले.
पर्सला वेगळा कप्पा शिवून घेतला, चेनचा.
त्यात रुमालही ठेवत नाही.
आहेर माझ्या डावीकडून चालतो,
म्हणजे त्याचा चालता कान माझ्याकडे राहतो,
आणि बँकेपर्यंत आम्ही द्राक्षाच्या भावावर बोलतो.

काल पंपावर रांग होती, मी नोझल धरला,
टाकीत घातला.
रिक्षावाला वाट पाहून म्हणाला,
"ताई, दाबा की."
बघते तर बोट बाहेर, कडेने,
सरळ.