जोडीचा दिवा

मूत्रपिंडाचा आडवा छेद भिंतीवर होता,
आणि टप्प.
भिंत पुन्हा नुसती भिंत, पोपडे आलेली.
पंखा मात्र घरघरत राहिला,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बुरुलकान बाई म्हणाल्या, आत जोडीचा असतो.
कडेची खिट्टी सरकवली.
तोही गेलेला.
कोणाच्या तासाला गेला कोण जाणे,
खिट्टी तेवढी कुणी गुपचूप जागेवर ठेवलेली.

नारिनमधली दुसऱ्या पाळीची शाळा, सहालाच काळोख.
झापार शिपाई खोकं घेऊन आला. शेवटचं.
प्लग काढून म्हणाला, निवू दे.
बाहेर उणे सव्वीस,
आणि आम्ही एक यंत्र निवायची वाट बघत बसलो.

मग त्यानं रुमाल मागितला, धुतलेला.
बोटाचं तेल काचेला लागलं
तर नेमकी तिथेच तापून फुटते म्हणे.
याच बोटांनी तो सकाळी बॉयलरमध्ये कोळसा ओढतो.
आयपेरीनं आपला दिला,
कोपऱ्यात मेंढ्याचं शिंग भरलेला.
डोळ्यातलं कुसळ काढताना धरावा तसा श्वास धरून
झापारनं बोराएवढा दिवा दोन छिद्रांत बसवला.

उजेड आला तो छतावर, मूत्रपिंडासकट.
बाईंनी आरसा खाली वळवला.
काचेवर रुमालाचा एक धागा राहिलेला,
भिंतीवर दोरखंडाएवढा.

जुना दिवा झापारनं कानाशी हलवला,
आतली तार किणकिणली.
फेकला नाही, खिशात टाकला.

तास संपल्यावर बाई खिट्टीवर कागद चिकटवत होत्या:
जोडीचा नाही.
गेला तर सांगा.